वेताळ टेकडी: पुणं बघायचं तर संध्याकाळी चढा

पुण्यात टेकडी म्हणजे पहाटेची, असा शिरस्ता आहे. व्यायामाला ते ठीक. पण वेताळ टेकडीवरून शहर नीट बघायचं असेल तर संध्याकाळी चढा. पेठा, डेक्कन, पर्वती हे सगळं टेकडीच्या पूर्वेला आणि आग्नेयेला. सकाळी ऊन थेट डोळ्यांवर येतं, शिवाय हिवाळ्यात गार हवेत धूर नि धुकं खालीच साचून राहतं. इमारतींच्या नुसत्या करड्या आकृत्या दिसतात. सूर्यास्ताआधीच्या तासाभरात ऊन तुमच्या पाठीमागून शहरावर पडतं आणि पर्वतीचं देऊळही वेगळं ओळखू येतं. हवा सगळ्यात स्वच्छ मिळते ती पावसाळ्यात, मोठी सर थांबून गेल्यावर.

सूर्यास्त डिसेंबरात सहाच्या आसपास, मेअखेरीस सातच्या. त्याच्या दीड तास आधी पायथा सोडा. लॉ कॉलेज रस्त्यावरून कांचन गल्लीत शिरलात की टोकाला टेकडीच आहे. सुरुवातीचा चढ उभा आहे, तिथेच दम लागतो. तिथे घाई करू नका. वर पोचल्यावर वाट बरीचशी सपाट होते आणि जुन्या दगडखाणीजवळून वेताळाच्या देवळाकडे जाते. माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर, म्हणजे शहरापेक्षा साधारण अडीचशे मीटर वर. रमतगमत तासभर धरा. तिथून पश्चिमेला पाषाणचा तलाव दिसतो, नैर्ऋत्येला टीव्हीच्या मनोऱ्यावरून सिंहगड ओळखता येतो.

माणसं पडतात ती बहुतेक उतरताना. खडकावर पसरलेला सुटा मुरूम म्हणजे फरशीवर सांडलेले हरभरे. भीतीपोटी मागे रेलून टाच रोवायला गेलात की पाय पुढे सटकतो आणि आपटतं ते माकडहाड. गुडघे किंचित वाकवा, पावलं आखूड टाका, पूर्ण तळवा टेकवा, वजन पायांवरच राहू द्या. बुटांचे तळवे झिजलेले असतील तर नवे घेईपर्यंत टेकडी थांबेल. पावसात उलट: मुरूम बसलेला असतो, पण उघड्या खडकावर शेवाळ धरतं आणि गवतात पाणी जिरवण्यासाठी खणलेले चर दिसत नाहीत.

ऑक्टोबरनंतर गवत वाळतं आणि कुसळं मोज्यांत घुसतात. धुतल्यावरही ती निघत नाहीत, म्हणून पायभर पँट घाला आणि लोकरी मोजे घरीच ठेवा. याच दिवसांपासून एका विडीने वणवा लागतो. उन्हाळ्यात उघड्या माळावर टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली तर जवळपास तिची अंडी आहेत, ती दगडांसारखीच दिसतात. आल्या वाटेने मागे फिरा. वळवाचे ढग जमले तर पठारावर थांबू नका, विजेला तिथे तुमच्याहून उंच फारसं काही नसतं.

माणशी एक लिटर पाणी, उन्हाळ्यात दोन. बॅटरी हवीच, मोबाइलच्या दिव्यावर विसंबू नका. वर पायवाटांचं जाळं आहे आणि काळोखात सगळे फाटे सारखेच. म्हणून चढताना प्रत्येक फाट्यावर एकदा वळून मागे बघा. परतताना वाट तशीच दिसणार आहे. तरी चुकलात तर समोरच्या दिव्यांच्या रोखाने थेट खाली सुटू नका. खाणीचा तुटलेला कडा अंधारात दिसत नाही.