साठ रुपयांचा दाढीचा ब्रश की सहा हजारांचा?

किराणा दुकानात दाढीच्या क्रीमशेजारी टांगलेला साठ-सत्तर रुपयांचा ब्रश आणि ऑनलाइन सहा हजारांना मिळणारा ब्रश, दोघांचं काम एकच. साबणात पाणी मुरवून त्याचा फेस करायचा आणि तो दाढीच्या खुंटांच्या मुळाशी पोचवायचा. साठ आणि आठशे रुपयांतला फरक पहिल्याच दाढीला हाताला कळतो. आठशे आणि सहा हजारांतला कळायला सवय लागते, आणि कळला तरी दाढी काही त्यामुळे जास्त गुळगुळीत होत नाही. ते काम ब्लेडचं आणि पाण्याचं.

किंमत ठरते ती मुख्यतः केसांवरून. स्वस्त ब्रशात जाड नायलॉन असतं. त्याचा धागा बुडापासून टोकापर्यंत एकाच जाडीचा असतो आणि वरून कात्रीने सपाट कापलेला असतो, म्हणून टोचतो. नायलॉन पाणी पीत नाही, धागेही विरळ असतात. त्यामुळे पाणी फेसात जाण्याऐवजी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतं. डुकराचे केस पाणी शोषून घेतात आणि वापरता वापरता त्यांची टोकं फाटून मऊ होतात. इटलीच्या ओमेगाचे आणि पोर्तुगालच्या सेमोगचे ब्रश या प्रकारात नावाजलेले आहेत आणि आवाक्यातही आहेत. बॅजर या प्राण्याचा केस टोकाशी निमुळता असतो, म्हणून गालावर मऊ लागतो आणि झुपक्यात भरपूर पाणी धरतो. चांगल्या बॅजर ब्रशचा घुमट कापून करत नाहीत. केस साच्यात ठेवून, ठोकून आकार देतात, म्हणजे नैसर्गिक टोकं शाबूत राहतात. ही हातमजुरी आणि बहुतांशी चीनमधून येणारे केस, दोन्ही महाग. बॅजर केसांच्या प्युअर, बेस्ट, सुपर, सिल्व्हरटिप या प्रतींना सर्वमान्य मोजमाप नाही. एका कंपनीचा ‘बेस्ट’ दुसरीच्या ‘सुपर’पेक्षा सरस निघू शकतो, तेव्हा लेबल पाहून चारपट पैसे मोजू नका.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत हे सगळं गणित बिघडवलं ते नव्या सिंथेटिक धाग्यांनी. हे टोकाशी निमुळते असतात, बॅजरसारखे दिसावेत म्हणून मधे काळा पट्टा रंगवलेला असतो आणि मऊपणात ते मधल्या प्रतीच्या बॅजरला सहज गाठतात. भिजत ठेवावे लागत नाहीत, झटकले की लवकर सुकतात, प्राण्याच्या केसांचा वास नाही. प्राण्याचे केस नको असतील तर प्रश्नच मिटला. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात, जिथे टॉवेलसुद्धा दोन दिवस वाळत नाही, तिथे तर डोळे मिटून हाच घ्यावा. एकच ब्रश घ्यायचा असेल आणि पाचशे ते हजार रुपये खर्चायची तयारी असेल, तर आमचं मत सिंथेटिकलाच.

दुकानात हातात घेऊन पाहता आला तर आधी झुपका मोजा. ब्रशच्या मुठीतून बाहेर येतो तिथे त्याचा व्यास २२ ते २४ मिलिमीटर आणि तिथून टोकापर्यंतची उंची ५० ते ५५ मिलिमीटर असली की बहुतेकांना पुरते. १८ मिलिमीटरच्या ब्रशने फेस होतो, पण गालावर दोनदा जास्त फिरवावा लागतो. मग झुपका तळहातावर दाबा. तो पसरून लगेच सरळ झाला पाहिजे. भुईसपाट होऊन तसाच राहिला तर केस कमी आहेत. बोटांनी मधून दुभागून आत पाहा. तळाशी ग्लूचा पांढरा गोळा दिसला, तर मधे केसच नाहीत, आणि फेस नेमका त्या खड्ड्यात अडकून बसणार. शेवटी टोकं मनगटाच्या आतल्या बाजूला गोल फिरवा. तिथे टोचला तर गळ्यावर नक्की टोचणार. मुठीच्या वजनाला भुलू नका. पोकळ प्लास्टिकमध्ये लोखंडाचा तुकडा घालूनही वजन वाढवतात.

‘अस्सल केस’ म्हणून विकलेल्याची शंका असेल तर गळालेला एक केस चिमट्यात धरून काडी लावा. केस असेल तर केस जळल्याचा उग्र वास येतो आणि बोटांत भुगा होतो. धागा असेल तर वितळून टोकाशी टणक गोळी होते. डुक्कर की बॅजर हे मात्र यातून कळत नाही.

आजोबांचा जुना ब्रश कपाटात सापडला असेल तर तो आठवण म्हणून ठेवा, गालाला लावू नका. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटन आणि अमेरिकेत घोड्याच्या केसांच्या, नीट निर्जंतुक न केलेल्या ब्रशांमुळे अँथ्रॅक्स झाल्याच्या नोंदी आहेत. आजच्या ब्रशात ती भीती नाही, पण शंभर वर्षं जुन्या केसांची खात्री कोण देणार?

आता फेस. ‘ब्रश भिकार आहे’ अशा निम्म्या तक्रारी खरं तर पाण्याच्या असतात. बोअरवेलच्या जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून चिकट साका करतात. तेवढा साबण फेस व्हायच्या आधीच वाया जातो. तपासायचं असेल तर छोट्या बाटलीत अर्धं पाणी घ्या, अंगाच्या साबणाचा किस टाका आणि हलवा. वर टिकाऊ फेस न येता पाणी नुसतं गढूळ झालं, तर पाणी जड आहे. मग दाढीपुरतं अर्धी वाटी आरओ फिल्टरचं पाणी वापरून पाहा. जुनाच ब्रश एकदम कामाला लागतो.

डुकराच्या केसांचा ब्रश कोमट पाण्यात तीन-चार मिनिटं बुडवून ठेवा, बॅजर मिनिटभर, सिंथेटिक नुसता ओला करा. पाणी कोमटच हवं. उकळत्या पाण्याने केस ठिसूळ होतात आणि ग्लू सुटतो, केस गळण्याचं हे एक नेहमीचं कारण. ब्रश दोनदा झटका. बदामाएवढं क्रीम टोकांवर घ्या, ओल्या गालावर गोल फिरवायला लागा. वीस-तीस सेकंदांत जो फेस दिसतो तो कच्चा असतो, चक्क्यासारखा कोरडा. बहुतेकजण इथेच थांबून ब्लेड लावतात आणि मग आग होते म्हणतात. ब्रशची टोकं पाण्यात बुडवून चार-पाच थेंब घ्या, पुन्हा फिरवा. असं दोन-तीनदा केलं की फेस घोटलेल्या दह्यासारखा होतो, वर किंचित चकाकी येते. मोठे बुडबुडे दिसले तर पाणी जास्त झालंय, आणखी थोडं क्रीम घ्या. गालावर फेसाचे कोरडे पापुद्रे धरले तर पाणी कमी. ब्रश दाबून रगडू नका, फक्त टोकं वाकतील इतकाच जोर. मुरुमं असतील तर डुकराचा कडक ब्रश तूर्त बाजूला ठेवा.

डुकराचा ब्रश नवा असताना कडक असतो आणि वासही मारतो. शाम्पूने दोनदा धुवा. मग आठवडाभर रोज भिजवून वाटीत फेस करा, दहा मिनिटं तसाच ठेवा, धुवून पूर्ण वाळवा. दोन-तीन आठवड्यांत टोकं फाटून मऊ पडतात. पहिल्या आठवड्यात दोन दिवस वापरून ‘टोचतो’ म्हणून फेकणारे इथेच फसतात. सुरुवातीला पाच-दहा केस गळणं चालतं. दहा दाढ्यांनंतरही दर वेळी गळत असतील तर ग्लू कच्चा आहे, दुकानदाराकडे परत न्या.

दाढी झाल्यावर झुपक्याच्या मुळाशी अडकलेला साबण वाहत्या पाण्याखाली बोटांनी निपटून काढा. तो वाळून कडक झाला की केस मुळाशी फाकतात आणि तुटतात. पाणी पिळायचं ते मुठीत हलकं दाबून, कपड्यासारखं पीळ देऊन नव्हे. मग झटका, टॉवेलवर पुसा. उलटा टांगा किंवा उभा ठेवा, फरक पडत नाही. हवा लागली पाहिजे. बंद कपाटात किंवा झाकणाच्या डबीत ओला ठेवलात तर पावसाळ्यात बुरशीचा वास येणारच. महिन्यातून एकदा एक भाग व्हिनेगर, दहा भाग पाणी, त्यात पाच मिनिटं फक्त केस बुडवा, मूठ नाही, विशेषतः लाकडाची असेल तर. जड पाण्याचा साका सुटतो आणि ब्रश पुन्हा मऊ पडतो.

अख्खा झुपकाच मुठीतून निघून आला तर ब्रश फेकू नका. खाचेतला जुना ग्लू चाकूने खरवडा, दोन्ही तुकडे दोन दिवस वाळू द्या. एराल्डाइटचे दोन्ही भाग समप्रमाणात मिसळा, खाचेत पातळ थर द्या, झुपका सरळ बसवा, बाहेर आलेला ग्लू लगेच पुसा आणि २४ तास उभा ठेवा. पुढचे दोन दिवस पाणी लावू नका. सुटे केस गळत असतील तर मात्र या ग्लूचा उपयोग नाही. झुपका आतून सुटलेला असतो, आणि वरून ओतलेलं एराल्डाइट केसांत चढून त्याचा लाकडासारखा खुंट करून ठेवतं.