ए मायनर ते सी : फक्त एक बोट हलवा

गिटार नुकतीच हातात घेतलीत आणि कॉर्ड (एकत्र वाजवायचे सूर) बदलताना दरवेळी गाणं थांबतंय? सुरुवात ए मायनर आणि सी या जोडीने करा. आधी ट्यूनर ॲपवर तारा सुरात लावून घ्या, बेसूर गिटारवर कान बिघडतो.

ए मायनरमध्ये तर्जनी दुसऱ्या तारेवर पहिल्या फ्रेटमध्ये, मधलं बोट चौथ्या तारेवर आणि अनामिका तिसऱ्या तारेवर, दोन्ही दुसऱ्या फ्रेटमध्ये. (सर्वांत बारीक तार पहिली. फ्रेट म्हणजे दोन धातूच्या पट्ट्यांमधली जागा, खुंट्यांकडून मोजायची.) आता सी हवा असेल तर फक्त अनामिका उचलून पाचव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटमध्ये न्या. बाकीची दोन बोटं जागची हलवूच नका! बहुतेक नवशिके पूर्ण हात उचलतात आणि प्रत्येक बोट नव्याने शोधत बसतात, सगळा वेळ तिथेच जातो.

दोन्ही कॉर्डमध्ये सहावी, म्हणजे सर्वांत जाड तार वाजवायची नाही. एकेक तार छेडून ऐका. खरखर आली तर जोर वाढवू नका, बोट पुढच्या धातूच्या पट्टीजवळ सरकवा. आवाज दबला तर बहुधा बोट शेजारच्या तारेला टेकलेलं असतं. नखं कापा, बोट टोकावर उभं ठेवा.

मोबाईलवर एक मिनिट लावून किती वेळा बदल झाला ते मोजा. रोज दहा मिनिटं पुरे. बोटांची टोकं दुखतील, काही आठवड्यांत ती घट्ट होतात. तोवर खूप दुखलं तर गिटार खाली ठेवा, उद्या पुन्हा घ्या.