साध्या मागावर काम करताय? कान असे सांभाळा

इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव, कुठंही जा, साध्या मागाच्या (म्हणजे धोट्याच्या यंत्रमागाच्या) शेडमध्ये दोघं एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडूनच बोलतात आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडावं लागत असेल तर आवाज 85 डेसिबलच्या वर आहे असं धरून चाला, मीटर लागत नाही. धोट्याच्या मागावर तो 95 च्या पुढं सहज जातो. आपल्याकडं नियम आहे 90 ला 8 तास, 95 ला फक्त 4 तास, आणि पाळी कितीची असते ते तुम्हाला माहितीये.

"सवय झाली, आता आवाज लागत नाही" असं जुने लोक म्हणतात ना, ती सवय नाही, कानाच्या आतल्या, आवाज टिपणाऱ्या बारीक केसपेशी मेल्यात आणि त्या परत येत नाहीत. आधी जातो तो उंच पट्टीचा आवाज, 4000 हर्ट्झच्या आसपासचा, म्हणजे ऐकू येतं पण शब्द कळत नाही, घरचे म्हणतात टीव्ही कमी करा. रात्री कानात शिट्टी, झोप नाही, बीपी पण वाढू शकतो.

आता करायचं काय. कापसाचा बोळा सोडा, त्यानं जवळजवळ काहीच अडत नाही. फोमचे इअरप्लग घ्या, स्वस्त असतात. हात आधी धुवा (तेलकट बोटांनी घातले की कान चिघळतो), प्लग बोटांत वळून काडीसारखा बारीक करा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागं ओढा, प्लग आत सरकवा आणि 20-30 सेकंद बोटानं दाबून धरा, फुगू द्या. अर्धा बाहेर लोंबत असेल तर घातला न घातला सारखाच. शेडमध्ये शिरायच्या आधी घाला, आणि बोलायला म्हणून सारखा काढू नका, थोडा वेळ काढला तरी फायदा बराच कमी होतो. तसंही तुम्ही खुणांनीच बोलता की.

वर्षातून एकदा ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) करा, पण पाळी सुटल्यावर लगेच नको, सुट्टीच्या दिवशी, आधीचे 14-16 तास गोंगाटापासून लांब राहून. रिपोर्टची झेरॉक्स स्वतःजवळ ठेवा. गोंगाटानं आलेला बहिरेपणा कामामुळं होणाऱ्या रोगांच्या सरकारी यादीत आहे, ईएसआय (कामगार विमा) असेल तर भरपाई मागता येते, तेव्हा जुने रिपोर्ट कामाला येतात. डॉक्टरला मागावर किती वर्षं काढली तेही सांगा, नाहीतर तो वयावर ढकलून मोकळा होतो.