डॉसवरचं बिल वायफाय प्रिंटरवर

दुकानातला ४८६ (डॉसवर चालणारा जुना संगणक) अजून धडधाकट आहे. गेला तो डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. नव्या वायफाय प्रिंटरला पॅरलल पोर्टच (जुन्या प्रिंटर केबलची जागा) नाही, म्हणून मधे जुना लिनक्स लॅपटॉप बसवला.

४८६ चा कॉम१ (पहिला सीरियल पोर्ट) आणि लॅपटॉपचा यूएसबी-सीरियल अडॅप्टर नल मोडेम केबलने (दोन संगणक थेट जोडणारी सीरियल केबल) जोडा. तीन तारांची स्वस्त केबल नको! डीएसआर आणि सीटीएस या तारांवर ‘समोरचा तयार आहे’ असा होकार मिळेपर्यंत बायोस (४८६ मधला मूळ प्रोग्राम) एक अक्षर सोडत नाही. माझा अख्खा रविवार यातच गेला.

डॉसमध्ये (अर्थात इंग्रजी अक्षरांत) आधी ‘मोड कॉम१:९६००,एन,८,१,पी’, मग ‘मोड एलपीटी१:=कॉम१:’. पहिल्याने कॉम१ चा वेग ठरतो, दुसऱ्याने प्रिंटर पोर्टकडे (एलपीटी१) जाणारा मजकूर कॉम१ कडे वळतो. जे प्रोग्राम थेट हार्डवेअरवर लिहितात, ते हे वळवणं जुमानत नाहीत.

लिनक्सवर एसटीटीवाय या कमांडने वेग ९६००, हार्डवेअर हँडशेक (तारांवरचा तो होकार) चालू आणि पोर्ट ‘रॉ’, म्हणजे आलेली अक्षरं न बदलता जशीच्या तशी. रॉ विसरलात तर प्रत्येक ओळीखाली एक रिकामी ओळ येते. मग ‘कॅट’ कमांडने पोर्टवरून येणारा मजकूर फाइलीत घ्या आणि बिल आलं की कंट्रोल-सी.

आमच्या बिलाची दुहेरी रेघांची चौकट आधी कचरा होऊन छापली गेली. फाइल आयकॉन्व्ह कमांडने सीपी४३७ (डॉसची जुनी अक्षर-संकेतावली) मधून यूटीएफ-८ (आजची संकेतावली) केली, ‘एलपी’ कमांडने कप्सकडे (लिनक्सची छपाई यंत्रणा) दिली आणि रेघा सरळ आल्या.