शिंपले, नियम आणि भरतीची वेळ: स्वमग्न मुलांसोबत खेळताना

गेल्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता जिथे कोरडी पुळण होती, तिथे या रविवारी पाच वाजता पाणी असते. किनाऱ्यावर राहणाऱ्या आपल्याला हे अंगवळणी पडलेले आहे. पण रोज त्याच वेळी, त्याच जागी खड्डा खणणाऱ्या स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाला ते सोसवत नाही. त्याच्या रडण्याला हट्ट म्हणणे अन्यायाचे आहे. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली अशा मुलांचे जे वर्णन केले, त्यातच सगळे जसेच्या तसे राहावे ही त्यांची तीव्र ओढ नोंदवलेली आहे. खेळांतून ही ओढ मोडून काढायची नाही. बाकी सगळे तसेच ठेवून एका वेळी एकच छोटा बदल पेलण्याचा सराव द्यायचा आहे.

सुरुवात शिंपल्यांनी करावी. पंधरा-वीस शिंपले आणि दोन परड्या घ्याव्यात. पहिला नियम रंगाचा: पांढरे एकीकडे, रंगीत दुसरीकडे. प्रत्येक परडीसमोर त्या नियमाचे चित्र ठेवावे. मूल यात रमले की, ‘आणखी तीन शिंपले, मग नियम बदलेल’ असे आधीच सांगावे आणि तिसऱ्या शिंपल्यानंतर मोठे-लहान अशी चित्रे मांडावीत. परड्या, बसण्याची जागा, शिंपले यांतले काहीही हलवू नये. आता मुलाच्या हातात लहान पांढरा शिंपला येतो, हात सवयीने जुन्या परडीकडे जातो आणि मध्येच थबकतो. खेळाचे सगळे सार त्या थबकण्यात आहे. तेव्हा घाईने ‘नाही, इकडे’ म्हणू नये. मनात दहापर्यंत मोजावे आणि तरीही अडले तर केवळ चित्राकडे बोट दाखवावे. साधारणतः तीन वर्षांची बहुतेक मुले अशा खेळात पहिल्याच नियमाला धरून राहतात आणि पाचव्या वर्षापर्यंत बहुतेकांना बदल जमतो. म्हणून वयाकडे न पाहता आपल्या मुलाच्या समजेकडे पाहून पुढे जावे.

काही दिवसांनी नियम मुलाला ठरवू द्यावा. आपण मुद्दाम एखादा शिंपला चुकीच्या परडीत टाकून ‘अरे, मी जुन्याच नियमाने टाकला, पुन्हा बघते’ असे मोठ्याने म्हणावे. चूक दुरुस्त करता येते, हे मुलाला आपल्याकडे पाहून कळते.

वाळूचा स्पर्श सहन होत नसेल, तर हाच खेळ पडवीत पत्त्यांनी खेळावा. आपल्या सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफाचे १२० गोल पत्ते रंगाने, अवताराने किंवा संख्येने वेगळे करता येतात, पण हातांनी रंगवलेला संच मुलाच्या हाती देणे परवडणारे नाही. साधा पत्त्यांचा जोड पुरतो. कच्च्या काजूबिया मात्र खेळायला कधीही देऊ नयेत, कारण टरफलातल्या तेलाने कातडी भाजते. वस्तू तोंडात घालणाऱ्या मुलासाठी घशात अडकणार नाहीत अशा मोठ्या वस्तू निवडाव्यात.

नंतर भरतीकडे वळावे. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते, म्हणजे हा बदलही नियमानेच होतो, आणि नियम आवडणाऱ्या मुलाला हे फार भावते. भिंतीवर रोजची वेळ लिहावी आणि दोन चित्रे लावावीत: पाणी लांब असेल तर खड्डा, जवळ असेल तर पडवीत शिंपले. घरातून निघण्यापूर्वी योग्य चित्र मुलानेच निवडावे.

कान झाकणे, अंग ताठरणे दिसले की लगेच पहिल्या नियमाकडे परतावे. त्यात काहीही हरलेले नसते.

खेळात जमलेले घरात आपोआप उतरत नाही, म्हणून शब्द तेच वापरावेत. बाजारात बांगडा मिळाला नाही, तर ताटावर बसण्याच्या पुष्कळ आधी बांगड्याच्या चित्राजागी अंड्याचे चित्र लावून सांगावे, ‘आज नियम बदलला.’ ताट, जागा आणि वाटी मात्र रोजचीच ठेवावी.