वांग्याच्या कलमाचा सांधा मातीत गाडू नका

हापूसच्या कलमाचा सांधा कोणी मातीखाली पुरत नाही. मग वांग्याचा का पुरता? मर रोग (उभं झाड अचानक सुकवणारा) सोसणाऱ्या रानवांग्याच्या खुंटावर, म्हणजे खालच्या मुळाच्या रोपावर, कलम केलेली महागडी रोपं आणायची आणि महिन्याभराने भर देताना, म्हणजे बुंध्याशी माती चढवताना, सांधाच गाडायचा, हे दर हंगामात बघतोय. गाडलेल्या सांध्यावर वांग्याची स्वतःची मुळं फुटतात आणि मर तिथून आत शिरते. खुंटाचे पैसे पाण्यात.

आपल्या आंबट जांभ्या मातीत ही जिवाणूजन्य मर मुरलेली आहे. परतीचा पाऊस साचला की पाण्याबरोबर ती वाफ्यावाफ्यात फिरते. म्हणून चर आजच मोकळे करा, बाकी कामं उद्या. हिरवंगार झाड दुपारी अचानक मान टाकतं तेव्हा बुंध्याचा तुकडा कापून ग्लासभर स्वच्छ पाण्यात टांगा. काही मिनिटांत दुधट धागा उतरला, तर मरच. ते झाड वाचवणारी बाटली कुठल्याही दुकानात नाही, टॉनिक तर नाहीच. मुळासकट उपटून जाळा.

लागवडीची कामं:
– शेणखत हेक्टरी 20 टन. चुना माती परीक्षणानुसार
– मर येऊन गेलेल्या जागी सरीत ब्लीचिंग पावडर, हेक्टरी 15 किलो (गुंठ्याला 150 ग्रॅम); त्यासोबत ट्रायकोडर्मा (मातीत घालायची उपयोगी बुरशी) नको
– गादीवाफे, सांधा मातीच्या चार बोटं वर
– गेल्या वर्षी टोमॅटो, मिरची किंवा वांगी होती ती जागा सोडा

खुंट घरी करता येतो. रानवांग्याच्या पिवळ्या पडलेल्या फळांचं बी काढा. ते उशिरा आणि मागेपुढे उगवतं, म्हणून वांग्याच्या आधी महिनाभर टाका. भिजवायला लिटरभर पाण्यात 100 मिलिग्रॅम जिबरेलिक आम्ल (उगवणीला मदत करणारं संजीवक), 24 तास. जुनं बी ताज्यापेक्षा बरं उगवतं असं मला वाटतं. खात्री तुमची तुम्ही करा.

सांध्याखाली फुटवा दिसला की खुडा. जांभळ्याऐवजी पांढरी फुलं आणि वाटाण्याएवढ्या फळांचे घोस आले, तर वांगं मागे पडून रानवांगं माजलंय. बांधावर मात्र एक झुडूप राखा. बी तर मिळेलच, शिवाय हिरवी फळं खाता येतात. तमिळ घरांत यालाच सुंडक्काय म्हणतात; ताक-मिठात मुरवून, उन्हात वाळवून तळतात, अगदी आपल्या सांडगी मिरचीसारखी. कडू असतात, म्हणून ठेचून बी धुवून काढा आणि शिजवूनच खा. ओलं खोबरं नि आमसुलं घालून भाजी आमच्याकडे चालली, पोरांनी मात्र तोंड फिरवलं. काटेरी झुडूप ओळखीचं नसेल, तर त्याचं फळ तोंडात घालू नका.

आणि भर देणारा गडी वेगळा असेल, तर कुदळ हातात देण्याआधी त्याला सांधा बोटाने दाखवा.