कारवीचा जीवनक्रम कसा नोंदवावा

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील कारवी २००८, २०१६ आणि २०२४ या साली फुलली. दर वेळी फुलांबरोबर डोंगरावर माणसांचीही दाटी झाली. मधल्या सात वर्षांत मात्र तिच्याकडे कोणी फिरकत नाही. आयुष्यात एकदाच फुलून, बी धरून मरून जाण्याची ही रीत या झुडपाला का परवडते, याचे उत्तर बहुतांशी त्या दुर्लक्षित वर्षांतच दडलेले असते. म्हणून कारवीची नोंद फुलोऱ्याच्या वर्षी नव्हे, तर त्यानंतरच्या पावसाळ्यात, म्हणजे नवी रोपे उगवतात तेव्हा सुरू करावी.

आधी झुडूप नीट ओळखून घ्यावे. कारवी, म्हणजे स्ट्रोबिलॅन्थस कॅलोसा, सह्याद्रीच्या उतारांवर दाट रान करून वाढते. तिची पाने मोठी, खरखरीत, समोरासमोर लागणारी व कातरलेल्या कडांची असतात, आणि त्यांच्यावरील शिरा ठळक दिसतात. पावसाळा सरला की पाने हळूहळू वाळतात आणि उन्हाळ्यात नुसत्या काटक्या उरतात. त्या मेलेल्या वाटल्या तरी पुढच्या पावसात पुन्हा फुटतात, त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत झुडपाला ‘मेलेले’ ठरवू नये. कासच्या पठारासारख्या ठिकाणी उपड्या टोपलीच्या आकाराने वाढणारी टोपली कारवी ही निराळी वनस्पती आहे. तीही काही वर्षांच्या अंतरानेच फुलते, परंतु दोघींच्या नोंदी एकत्र करू नयेत.

राष्ट्रीय उद्यानात किंवा अभयारण्यात काम करायचे असल्यास वनविभागाची लेखी परवानगी लागते. तेथील काडी किंवा बोंडही उचलता येत नाही. ज्यांना परवानगीच्या कागदांत अडकायचे नाही, त्यांनी मालकीच्या डोंगरउतारावर, मालकाच्या संमतीने जागा निवडावी. मात्र त्या उतारावरील कारवी शेवटची कधी फुलली, हे गावातल्या जुन्या माणसांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण वेगवेगळ्या डोंगरांवरील कारवी वेगवेगळ्या वर्षी फुलते आणि बोरिवलीचे वर्ष इतरत्र लागू पडेलच असे नाही. उंचीवरून वय ठरवण्याचा मोह टाळावा, कारण सावलीतले व उन्हातले समवयस्क झुडूप दिसायला फार वेगळे असते.

जागा ठरली की एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद असे दहा-बारा चौकोन आखावेत, आणि ते रानाच्या मध्यात, कडेला, उघड्यावर व झाडांच्या छायेत असे विखरून असावेत. लाकडी खुंट्या टिकत नाहीत. गुरे त्या पाडतात, सरपण गोळा करणारे नेतात, वणवा जाळतो. त्यापेक्षा न हलणाऱ्या खडकावर रंगाची खूण करून तेथून प्रत्येक चौकोनाचे अंतर टेपने आणि दिशा होकायंत्राने नोंदवावी. फोनवरील जीपीएस उतारावर काही मीटर सहज चुकतो, आणि एवढ्या चुकीत अख्खा चौकोन हरवतो.

पहिल्या वर्षी रोपे इतकी दाट येतात की चौकोनाचा केवळ एक कोपरा, पंचवीस सेंटिमीटर बाजूचा, मोजणेही पुरेसे होते. पहिली मोजणी पावसाने जोर धरल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी, दुसरी सप्टेंबरअखेर आणि तिसरी पुढील जूनमध्ये, नवी पालवी फुटल्यावर करावी. दुसऱ्या वर्षापासून वाचलेल्या झुडपांना क्रमांकाचे ॲल्युमिनियमचे बिल्ले सैल तारेने बांधावेत (तार आवळली तर खोड जाड होताना तीच त्याला कापते), आणि दरवर्षी उंची व जमिनीपासून दहा सेंटिमीटरवर खोडाची जाडी मोजावी. गर्दीत कोण मरते आणि कोण पुढे सरकते, हे या दोन आकड्यांतून दिसू लागते.

या मोजणीचा उपयोग काय, ते येथे सांगितले पाहिजे. परिस्थितीशास्त्रज्ञ लॅमॉन्ट कोल यांनी १९५४ मध्ये एक पेच मांडला होता. एका वर्षात जन्मून, पिले किंवा बिया देऊन मरणाऱ्या जीवाने केवळ एकच संतती जास्त दिली, तर वंशवाढीच्या वेगात तो दरवर्षी प्रजनन करणाऱ्या अमर जीवाची बरोबरी करतो. मग बहुवर्षायू जीव असावेतच कशाला? चार्नोव्ह आणि शॅफर यांनी १९७३ मध्ये त्यातली त्रुटी दाखवली. कोल यांच्या गणितात लहान व मोठ्यांचे मरणाचे प्रमाण जणू सारखेच होते, प्रत्यक्षात रोपे भराभर मरतात. समजा प्रौढ झुडपाची वर्षभर जगण्याची शक्यता ०.८ आणि बीपासून उगवून वर्ष काढण्याची शक्यता ०.०२ आहे. तर एकदाच बी देणाऱ्याला ०.८ भागिले ०.०२, म्हणजे चाळीस बिया जास्त द्याव्या लागतील. हे दोन्ही आकडे आपल्या चौकोनांतून मिळतात. कारवी फुलण्यापूर्वी अनेक वर्षे वाढते, त्यामुळे हे सूत्र तिला जसेच्या तसे बसत नाही. तरीही रोपांच्या आणि झुडपांच्या मरणातील तफावत किती मोठी आहे, हे कळल्याखेरीज पुढचा विचारच करता येत नाही. तुलनेसाठी शेजारच्या, दरवर्षी फळणाऱ्या करवंदाच्या काही जाळ्यांचीही नोंद ठेवावी.

फुलोऱ्याच्या वर्षी ऑगस्टपासून दर पंधरवड्याला जावे. जांभळ्या फुलांची कणसे चिकट असतात आणि हाताला उग्र वास राहतो, म्हणून बिल्ले व वही वेगवेगळ्या माणसांनी सांभाळलेली बरी. चिठ्ठ्या टाकून वीस झुडपे निवडावीत, प्रत्येकावरील कणसे मोजावीत आणि नंतर त्यांतील काही कणसांवर किती फुलांची बोंडे झाली ते पाहावे. बोंडे झुडपावरच वाळतात व पुढच्या वर्षीच्या पहिल्या पावसात भिजून फट्‌ असा आवाज करत फुटतात. बिया मोजायच्या असतील तर मे महिन्यात संमतीच्या जागेवरील मोजकीच बोंडे कागदी पिशवीत आणून, पिशवीतच पाणी शिंपडून फोडावीत. उघड्यावर फोडल्यास बिया खोलीभर उडतात.

या सगळ्यात मौल्यवान नोंद चुकार झुडपांची असते. बहुतेक रान एकदम फुलत असताना काही झुडपे वर्षभर आधी किंवा नंतर फुलतात. सामूहिक फुलोऱ्याची दोन स्पष्टीकरणे नेहमी दिली जातात. एक, बिया खाणाऱ्यांना संपवता येणार नाहीत इतक्या बिया एकाच वेळी पडतात. दोन, दाट फुलोऱ्याकडे मधमाश्या जास्त खेचल्या जातात. चुकार झुडपांच्या बोंडांत किडीने पोखरलेल्यांचे प्रमाण मुख्य वर्षापेक्षा जास्त निघाले, तर पहिल्या स्पष्टीकरणाला बळ मिळते. फुलांच्या मानाने बोंडेच कमी धरली असतील तर दुसऱ्याला. दोन्हीही निघू शकते. त्यामुळे पोखरलेली बोंडे आणि न धरलेली फुले यांचे रकाने वहीत पहिल्यापासून वेगळे ठेवावेत. माझ्या मते बाकीची मोजमापे थोडी ढिली झाली तरी चालतील, परंतु हे दोन रकाने चुकता कामा नयेत.

एवढे काम आठ-नऊ वर्षांचे असल्याने ते एका माणसाच्या नावावर न ठेवता महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाकडे किंवा गावातील निसर्गमंडळाकडे सोपवावे आणि वहीची प्रत दरवर्षी काढून ठेवावी. केरळातील मुन्नारच्या नीलकुरिंजीची, म्हणजे कारवीच्याच जातकुळीतील झुडपाची (२००६ व २०१८ साली फुललेल्या), फेरी बारा वर्षांची असते, तीही याच पद्धतीने धरता येईल. मिझोराममध्ये १९५८-५९ आणि त्यानंतर थेट २००६-०७ च्या सुमारास फुललेल्या बांबूसाठी मात्र चौकोन आखणारा आणि फुले मोजणारा माणूस एकच असण्याची शक्यता कमी, त्यामुळे तेथे खडकावरील खुणांचा नकाशा वनविभागाच्या दप्तरात जमा करूनच सुरुवात करावी.